कुलूपबंद खोली

प्रिय ठोंब्या,

मी कोण ते आठवतंय का रे? राहू दे, डोक्याला ताण नको. चपला उलट्या घालून पळायचास तेव्हा मागून ओरडणारी जी बाई, ती मी. मी सांगतेय आणि समोरची शिंपीण लिहून घेतेय. माझे टोमणे गाळायचे नाहीत, असं तिला बजावलंय.

मागे आलास तेव्हा ओट्याशी उभा राहून तुझं काम समजावलं होतंस. यंत्राची हाताशी असलेली मेमरी म्हणजे हा ओटा, आणि डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर दाटी झाली की न लागणारं सामान माळ्यावर जातं. पुन्हा उतरवायचं तर वेळ लागतो. काही प्रोग्रॅम मात्र हटून बसतात, आमचं इथून हलवायचं नाही म्हणून कुलूप घालतात. सगळ्यांनीच तसं केलं तर बाकीच्यांनी जायचं कुठे? म्हणून कर्नेल, म्हणजे यंत्राचा कारभारी, मर्यादा घालतो: एवढंच अडवा, जास्त नाही. ती मर्यादा नीट पाळली जाते का, हे बघायची तुझी नोकरी. मला वाटलं, पोरगं न्यायाचं काम करतंय.

मग तू स्वतःच्या खोलीला कुलूप लावलंस, आल्या आल्या सगळं लागतं म्हणालास, आणि गेलास तो गेलासच. तुझी आत्या पोरींना घेऊन कायमची माहेरी आली. मी माझी खोली त्यांना दिली. माझी खाट बोळात, बाथरूमच्या दाराशी आली. जो तो तिला ठेचकाळतो आणि माझ्याकडे बघतो. तुझ्या बापानं फोनवर किल्ली मागितली, तर तू कामात होतास. कुलूप तोडायची त्याची छाती नाही. घर तुझ्या पगारावर चालतं ना! ज्याच्या हाती सगळे अधिकार, त्याला ती मर्यादा लागू नाही, हेही तूच सांगितलं होतंस. तेव्हा मी मेली हसले होते.

आता पत्राचं कारण. त्या बाथरूमच्या दाराशी ओल्या फरशीवर पडले, कंबर धरली. बापानं वृद्धाश्रमात जागा बघितलीय, सोमवारी नेणार. मान खाली घालून सांगत होता बिचारा. माळ्यावरचं सामान लागलं की उतरवतात म्हणालास, पण मी आता कुणाला लागायची? तुझी खोली आहे तशी आहे, काळजी करू नकोस. आणि हो, तू पाठवतोस ती कडक बिस्किटं आता नकोत, दात उरले नाहीत. मऊ केक पाठव, पण या घराच्या पत्त्यावर नको.

तुझीच, कधी काही न अडवलेली,
आजी