हेलियम उडून गेला

४ फेब्रुवारी
काटा पुन्हा खाली! एमआरआय मशीनच्या पोटातलं चुंबक गार ठेवायला हेलियम लागतो, आणि आमचं म्हातारं मशीन कुठूनतरी गळतंय. गॅसवाल्याला फोन लावला. म्हणाला, "मॅडम, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जमिनीतून निघत होता तोच आटला." कारखान्यात तो बनत नाही. एकदा हवेत सुटला की इतका हलका, की पृथ्वी सोडूनच जातो. कायमचा.
आणि आपण त्याचे फुगे उडवले!

६ फेब्रुवारी
शेजारच्या शहरातलं मशीन बंद पडलं. तिथले पेशंट आता आमच्याकडे. रांग जिन्यापर्यंत. काट्याकडे बघायचं नाही असं ठरवलं. बघितलंच.

९ फेब्रुवारी
ताईच्या डोक्यात गाठ आहे. काल कापड बेतताना कात्री हातातून पडली, मग ती स्वतःही पडली. साध्या स्कॅनवर नुसता ढग दिसतो. सर्जन म्हणाले, "गाठीची कड नेमकी कुठे संपते ते मला कळायला हवं. एमआरआय काढा, मगच मी सुरी लावेन."
नंबर लावला — गुरुवारी सकाळी, पहिलाच. ताई म्हणते, "घरचीच फोटोग्राफर आहे, फोटो चांगला काढ हं. नाक छोटं दिसू दे!"
हसले. मग जाऊन पुन्हा काटा बघून आले.

११ फेब्रुवारी
काटा लाल पट्टीला टेकलाय. इंजिनिअर म्हणाला, "उद्याचा दिवस निघेल. जपून."
उद्याचाच हवाय. बाकी काही मागत नाही.

१२ फेब्रुवारी
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.
ताई बाहेर कपडे बदलत होती. तेवढ्यात वॉर्डबॉय घाईमामा (धावल्याशिवाय चालता येत नाही, म्हणून हे नाव) दुसऱ्या दारानं ऑक्सिजनची टाकी घेऊन आत घुसले. वॉर्डातला ऑक्सिजनवरचा पेशंट आधीच आत नेलाय असं वाटलं त्यांना. मी ओरडले, "मामा, टाकी बाहेर!" तोवर चुंबकानं टाकी खेचली. त्यांच्यासकट. छाती टाकी आणि मशीनच्या मध्ये. आवाजच फुटेना त्यांचा. ओठ निळे. मी ओढलं, इंजिनिअरनं ओढलं — तसूभर हलेना.
चुंबक मारायचं एकच बटण आहे, भिंतीवर, काचेखाली. ते दाबलं की सगळा हेलियम छपरावरच्या नळीतून बाहेर.
इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, परत भरायला नाहीये."
ठाऊक होतं. पलीकडे ताई भाऊजींशी काहीतरी बोलत होती, ऐकू येत होतं.
दाबलं.
केवढा आवाज! खिडकीतून पांढरा लोट वर जाताना दिसला. मग टाकी सुटली, मामा खाली कोसळले, खोकले. जिवंत!
ताईला सांगितलं, मशीन बिघडलं. "दुरुस्त होईल ना गं?" म्हणाली. मी हो म्हटलं. का म्हटलं?

१५ फेब्रुवारी
मामांच्या तीन बरगड्या मोडल्यात. बायको त्यांना पेजेसारखं काहीतरी भरवत होती. मला बघून उठली, माझे दोन्ही हात धरले. मला तिथे उभं राहवेना.
दुसरं चालू मशीन कुठे, म्हणून भाऊजींनी दिवसभर फोन केले. एक सापडलं. नंबर मे महिन्यातला.

१८ फेब्रुवारी
ताईच्या डोक्यातली सूज वाढली. काल तिला भाऊजींचं नाव आठवेना. सर्जन म्हणाले, "मे सोडा, हा आठवडासुद्धा थांबता येणार नाही. अंदाजानं जावं लागेल."
अंदाजानं!

२० फेब्रुवारी
ऑपरेशन.

२१ फेब्रुवारी
ताई शुद्धीवर आली. सगळ्यांना ओळखते. गाठ निघाली. उजवा हात गेला — बोटसुद्धा हलत नाही. डाव्या हातानं मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "मशीन दुरुस्त झालं की आधी माझा फोटो काढ हं. बघू तरी, हाताला काय झालंय."