संदर्भासाठी तुझा नंबर

खांदा कॉलनी, पनवेल

ती. आईस,

पाया पडते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून घरी येणाऱ्या परेशबरोबर हे पत्र पाठवतेय.

नोकरी मिळवून देणाऱ्या वल्लरी मॅडमनी माझा बायोडेटा वाचला. "अनुभव नाही? कॉलेजात असताना घरी काय करायचीस?"

म्हटलं, आईबरोबर पहाटे मासळी निवडून टेम्पो भरायचे.

"द्रोणागिरीच्या गोदामाला हेच हवंय. लपवलंस कशाला?"

मी बायोडेटा परत मागून घेतला, आई.

आता लिहिलंय. कुणाच्या हाताखाली काम केलं, तिथे तुझं नाव आणि नंबर दिलाय. तेव्हापासून कशातच लक्ष लागत नाही. अनोळखी फोन आला की 'मना काय नको' म्हणून ठेवतेस ना? या आठवड्यात ठेवू नकोस, गोदामवाले माझी चौकशी करायला फोन करतील. उगाच कौतुकही नको. माझ्या चुकाही सांग.

बाबांचा गुडघा कसा आहे?

तुझ्या हाताखालची,
किशोरी