भूक नसणे हा गुन्हा नाही

मी, अनुसूयाबाई, कैलासवासी मल्हारराव महिंद्रकर यांची पत्नी, वय अंदाजे सत्तर (जन्माची नोंद कोणी केली नाही, प्लेगच्या सालाआधीची एवढे ठाऊक), राहणार मल्लेश्वरम, बेंगळूर, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने करते. माझ्यावर कोणाचा दाब नाही. माझ्यावर दाब आणणारा माणूस अजून या घरात जन्मला नाही. डोके ठिकाणावर आहे. खात्री हवी असेल त्याने आमच्या भाजीवालीला विचारावे.

मी मराठी दुसरीपर्यंत शिकले. सही येते, लांब लिहिता येत नाही. म्हणून मी सांगते आहे आणि माझा मुलगा भीमसेन लिहितो आहे. तो विधानसौधात कारकून आहे. रोज सरकारचे लिहितो, आज आईचे लिहील. जयतीर्थ वकील म्हणाले, "अम्मा, घरच्या माणसाने लिहू नये, उद्या लोक संशय घेतील." संशय घेणाऱ्यांनी हे शेवटपर्यंत वाचावे. स्वतःविरुद्ध असे कोणी आपल्या हाताने लिहीत नाही.

कलम पहिले. मल्लेश्वरमचे हे घर माझ्या नावावर आहे. लढाईच्या काळात माझ्या नवऱ्याने खाकी कपडे शिवून शिवून ते घेतले. हे घर मी माझी सून सुलभा हिला देते, माझा मुलगा भीमसेन याला नाही. भीमसेनने तिच्याकडे नीट राहावे, भाडेकरू राहतो तसे. कारण चौथ्या कलमात आहे.

भीमसेन, थांबू नकोस. लिही.

कलम दुसरे. माझ्या पाटल्या आणि मोहनमाळ माझी मुलगी नीरजा हिला. ती धारवाडला असते, वर्षातून एकदा येते आणि मी वाळले म्हणून रडते. तिने आता दागिने घालावेत आणि रडणे कमी करावे.

कलम तिसरे. बळेपेटेतले दुकान यजमान गेले तेव्हाच बंद केले. शिलाईची दोन यंत्रे उरली आहेत. पायाचे यंत्र सुलभाला. हाताचे शेजारच्या तानूबाईला, कारण ती गेली कित्येक वर्षे ते "जरा चार दिवस" म्हणून नेते आणि महिन्याने आणते. आता एकदाचे घेऊन जा म्हणावे. यजमानांची मोठी कात्री यात नाही. ती ज्याला द्यायची होती त्याला मी माझ्या हाताने देऊन टाकली. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे वकील म्हणतात, म्हणून आधीच दिली. कायदा मलाही थोडा कळतो.

कलम चौथे. हे लांब आहे. वकील म्हणाले, मृत्युपत्रात एवढे लिहीत नाहीत. मी म्हटले, मग कुठे लिहितात ते सांगा, तिथे लिहिते.

सन सत्तावन्नात माझ्या नवऱ्याच्या गळ्यात गाठ झाली. आधी भाकरी जाईना, मग भात, मग पेज. शेवटी पाणी घोट घोट जायचे आणि अर्धे नाकातून परत यायचे. मोठ्या आस्पत्रीत सांगितले, आता काही करण्यासारखे नाही, घरी न्या. दुखणे कमी व्हायची सुई असते, पण ती मोजून मिळायची आणि तिला परवाने लागायचे. सुई उतरली की तो माणूस चादर दातात धरून पडायचा, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

घरी यायच्या डॉक्टरला त्याने एकदा खुणेने जवळ बोलावले. आवाज नव्हता, नुसता वारा. म्हणाला, "एक मोठी सुई द्या."

डॉक्टर म्हणाला, "महिंद्रकर, कायदा मला परवानगी देत नाही."

"मग कायद्याला इथे झोपवा. मी उठतो."

डॉक्टर भला माणूस होता. बॅग बंद करून निघून गेला. भली माणसे निघून जातात, एवढे मी त्या वर्षी शिकले.

मग एका दुपारी यजमानांनी अफू घेतली. कुठून आली ते मी इन्स्पेक्टरला सांगितले नाही, इथेही सांगणार नाही. भीमसेन जेवायला घरी आला, त्याने पाहिले, आणि टांगा करून आस्पत्रीत नेले. तिथवर मी समजू शकते. बाप आहे, हात थांबत नाही. पण तिथून तो स्वतःच्या पायाने पोलीस ठाण्यात गेला. "सरकारी नोकराने गुन्हा लपवला तर नोकरी जाते, आई," असे मला म्हणाला. जीव द्यायला जाणे हा गुन्हा, हे मला त्या दिवशी कळले.

आणि काय सांगू. ज्या आस्पत्रीने करण्यासारखे काही नाही म्हणून घरी धाडले होते, तिथे चार डॉक्टर धावले. ज्या गळ्यातून पेज उतरत नव्हती त्यातून नळी घालून पोट धुतले. माणूस वाचवला. कशासाठी? खटल्यासाठी. खाटेशी पोलीस शिपाई बसवला. तो बसला होता खाकी कोटात, आणि यजमानांनी डोळे उघडले तेव्हा आधी त्याच्या कॉलरकडे पाहिले. पोलिसांचे कपडे आमच्याच दुकानात शिवले जायचे. कॉलर त्यांच्या हातची होती.

आता गडूचे. आमच्यात काशीचा गडू घरात ठेवतात, गंगा भरून तोंडाला शिक्का मारलेला. जन्मभर उघडत नाहीत. घरचे माणूस जायला लागले की त्याला खाटेवरून खाली जमिनीवर घेतात, शिक्का फोडतात आणि ते पाणी तुळशीच्या पानाने तोंडात घालतात. खाटेवर मरू देत नाहीत. आमचा गडू माझ्या सासूने आणला होता. इन्स्पेक्टर घरी झडतीला आला. भीमसेनने न मागता बापाच्या खोलीतली सगळी भांडी पुढे केली, त्यात गडूही.

"यात काय आहे?"

"गंगा," मी म्हटले.

"शिक्का कोणी मारला?"

"काशीच्या भटाने. त्यालाही धरून आणा."

गडू तपासायला नेला. भीमसेन एक शब्द बोलला नाही. गडू म्हणजे काय हे इन्स्पेक्टरला ठाऊक नसेल. याला होते.

तीन आठवड्यांनी आस्पत्रीतच शेवट आला. श्वास वर लागला. यजमान बोटाने जमीन दाखवत होते. मी शिपायाला म्हटले, यांना खाली घ्यायचे आहे. तो चिक्कोडीकडचा, कल्लाप्पा नावाचा, मराठी चांगली समजायची. म्हणाला, "अक्का, हुकूम आहे. आरोपीला खाटेवरून हलवायचे नाही." मी भीमसेनला हाक मारली. तो दाराबाहेर उभा होता. "आई, हुकूम आहे," तोही म्हणाला. आत आला नाही.

कल्लाप्पाने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा खाटेकडे. टोपी उचलली. "मी चहा पिऊन येतो, अक्का. इथला चहावाला स्वल्प उशीर लावतो."

मी आणि सुलभाने दोघींनी मिळून त्यांना उचलले. ती तेव्हा पोटुशी होती. गंगा पोलिसांकडे होती, म्हणून नळाचे पाणी घातले. गिळले नाही, पण ओठ ओले झाले. कल्लाप्पा परत आला तोवर आरोपी सुटला होता.

म्हणून घर सुलभाला.

कलम पाचवे. गडू दोन वर्षांनी परत मिळाला. शिक्का फोडलेला, आत कोरडा, गळ्यात दोरीने बांधलेला लाकडी बिल्ला, त्यावर खटल्याचा आकडा. रिकामा गडू भीमसेनला. बिल्ला सरकारला परत. पोस्टाचा खर्च माझ्या पैशातून करावा.

कलम सहावे. गेल्या महिन्यात जेवताना भीमसेन म्हणाला, परदेशात लोक असा कायदा मागताहेत की असाध्य रोग्याला डॉक्टरने सुखाने मरण द्यावे. आपल्याकडेही हवा. अर्ज, दोन डॉक्टरांचे दाखले, मॅजिस्ट्रेटची सही.

"अर्ज कोण भरणार?" मी विचारले.

"जो आजारी तो."

"आणि ज्याचा गळा बंद आहे?"

"त्याचा मुलगा भरेल."

मी ताटावरून उठले. मुलगा भरेल. ज्या घरात म्हातारीच्या खोलीवर चार जणांचा डोळा आहे, तिथे तो अर्ज भाजीच्या आधी आणला जाईल. मला साखरेचे कार्ड द्यायला ज्या सरकारने तीन खेपा घालायला लावल्या, ते मला मरण देणार, आणि तेही पोराच्या सहीने. नको.

आणि तरी असा कायदा असता तर माझ्या माणसाचे ते तीन आठवडे वाचले असते. हेही मी विसरत नाही. भीमसेन म्हणतो, आई, तू दोन्हीकडून भांडतेस. हो. दोन्हीकडून मार खाल्ला आहे. सरकार खुन्याला फाशी देते, आधी डॉक्टरकडून तपासून. श्रवणबेळगोळला जैन मुनी मरणासाठी अन्न सोडतात तेव्हा लोक नारळ घेऊन पाया पडायला जातात, तिथे शिपाई बसत नाही. मग बळेपेटेतल्या शिंप्यालाच का धरले? मला सरकारकडून एवढेच हवे: दुखण्याची सुई गरिबालाही पुरेशी द्या, जो मरण मागतो त्याला गुन्हेगार म्हणू नका, आणि मागितले की नाही हे त्याच्याच तोंडून ऐका. गळा बंद असेल तर बोटाकडे पाहा. मोठी सुई द्यायची की नाही हे मला अजून ठरवता येत नाही. ज्यांनी कधी कोणाची चादर दातातून सोडवली नाही त्यांनी तरी ते घाईने ठरवू नये.

कलम सातवे. माझ्या पोटात गाठ आहे. डॉक्टरने भीमसेनला इंग्रजीत सांगितले. मी भीमसेनच्या तोंडावर वाचले. मला आस्पत्रीत नेऊ नये. नळी घालू नये. सुई मिळाली तर द्यावी, मी नाही म्हणणार नाही. मी ताट सरकवले की ते उचलावे, पुन्हा वाढू नये. हे ऐकून वकील घाबरले. म्हणाले, अम्मा, जाणूनबुजून अन्न सोडले असे लिहिले तर तोही जीव द्यायचा प्रयत्नच धरतील. म्हणून असे लिहिते: मला भूक नसेल. भूक नसणे हा गुन्हा नाही, अजून तरी.

कलम आठवे. नवा गडू देवघरात आहे, शिक्क्यासकट. कल्लाप्पाने पेन्शन झाल्यावर काशीहून आणला. मी मागितला नव्हता. आला, ओट्यावर ठेवला, म्हणाला, "सरी, अक्का, येतो."

मला खाटेवरून खाली भीमसेनने घ्यायचे आहे. सुलभाने नाही, तिने एकदा उचलले, पुरे. कोणाचा हुकूम असो, नसो. दाराबाहेर उभे राहायचे नाही. हे केले म्हणून त्याला काही मिळणार नाही, घर गेलेलेच आहे. तरी करतो का ते पाहायचे आहे. मी पाहीनच असे नाही. म्हणून कल्लाप्पाने पाहावे.

हे सगळे मला परत वाचून दाखवले. बरोबर आहे. एके ठिकाणी भीमसेनने "आत आला नाही" हे गाळले होते, ते घालायला लावले.

सही: अनुसूयाबाई मल्हारराव महिंद्रकर

बाईंनी आमच्या समोर सही केली, आणि आम्ही त्यांच्या समोर:

साक्षीदार १: जयतीर्थ, वकील, मल्लेश्वरम. (कलम चार आणि सहा माझ्या सल्ल्याविरुद्ध आहेत.)

साक्षीदार २: कल्लाप्पा, निवृत्त पोलीस शिपाई, मूळ चिक्कोडी. (कलम चारमधला चहा मी प्यायलो नव्हतो. जिन्यात उभा होतो.)

ठिकाण: मल्लेश्वरम, बेंगळूर. तारीख १२ ऑक्टोबर १९६४.

लिहिणार: भीमसेन मल्हारराव महिंद्रकर. आईने सांगितले तसे लिहिले. आता काही गाळलेले नाही. खाली मीच घेईन.