दोरा गुंडाळलेली अंगठी

सोमवार, संध्याकाळ. धाड गाव.

माझ्या शुगरसाठी पोरीनं पावलं, झोप, धडधड मोजणारी अंगठी पाठवली. आकडे पुण्यात तिच्या मोबाईलवर दिसतात. मी दिवसभर बसून. म्हणून पावलं भरावी यासाठी महिनाभरापूर्वी ती बायकोच्या बोटात घातली. सुमन वांग्याच्या वावरात राबते. अंगठी ढिली व्हायची, तर लाल दोरा गुंडाळून दिला, तोही मीच.

आज पोरीचा फोन. "बाबा, चालणं मस्त हाये तुमचं. पण झोप चारच तास, धडधडही जास्त. डॉक्टरले दाखवा ना!"

चार तास? सुमन बाजूलाच झोपते, मले काऊन दिसलं नाही? "दाखवतो," म्हणालो.

सुमन उद्याच्या बाजारासाठी वांगी निवडत होती. बोटात तो लाल दोरा. "काय म्हणे पोरगी?"

"माही तब्येत बरी हाये म्हणे."