रविवारचा पाऊस

ढोलेवस्ती, ता. खानापूर, जि. सांगली
२८ मे १९७९

चि. ज्योतिबास आजी बनाबाईचा डोक्यावरून हात फिरवून आशीर्वाद.

हिकडं समदी खुशाल. पत्र तुझा बाप धुळा लिहितोय. मास्तर असल्यानं माझं बोलणं सुधारायला बघतो, म्हणून मी काठी घेऊनच बसलीया.

शाळेमागं तुमच्या हवामान खात्याचं पाऊस मोजायचं भांडं हाय, त्याला धुळा लेकरावानी जपतो. रोज सकाळी साडेआठाला मोजायचं, वहीत लिहायचं, तुमाला तार धाडायची. तुझी आई पाय मोडून पलूसला माहेरी पडलीया. रविवारी भांडं बघून हा तिकडं जातो, सोमवारी पहाटंच्या यष्टीनं येतो, ते थेट भांड्यापाशीच.

दिवाळीत तू सांगितलंस, परदेशाचा उपग्रह वरनं ढगांचं फोटो काढतो आन् तुमी ते खालच्या भांड्यांशी ताडून बघता. त्या वरच्याला म्हणावं, आमच्या माळाकडं बी जरा बघ. मेंढरं बाभळीच्या शेंगांवर दिस काढत्यात. तुझं लगीन कवा, ते बी त्यालाच इचारू काय?

माया हाय तशी ऱ्हाऊ दे, पत्राला उशीर करू नगस.

तुझी आजी

*

पुणे
१३ जून १९७९

ती. आजीस ज्योतिबाचा सा. न. वि. वि.

हे पत्र शेजारच्या सुलाबाईंकडून वाचून घे. आबांच्या हाती देऊ नकोस.

यंदाचा मान्सून तपासायला कितीतरी देश एकत्र आलेत. समुद्रात रशियाची जहाजं, वर अमेरिकेचा उपग्रह, आणि जमिनीवरचा पाऊस आमच्या खात्याकडं. वरची चित्रं कितपत खरी, हे आमच्या भांड्यांवरून ठरायचं. आपलंच भांडं खोटं निघालं तर सगळ्यांपुढं मान खाली.

आजी, चार रविवार वरून आपला माळ स्वच्छ दिसतोय. ढगाचा ठिपका नाही. आणि सोमवारी आबांच्या तारेत पाऊस, चारही वेळा बरोबर बारा मिलिमीटर! साहेबांनी विचारलं, तुमच्या गावचा पाऊस सुट्टी बघून येतो काय. सगळे हसले, मला हसता आलं नाही. त्यांना वाटतं, आबा पलूसलाच राहतात आणि आकडा मनानं टाकतात.

भांडं आबांकडं द्या, असं मीच सुचवलं होतं. २३ तारखेला, शनिवारी, सगळ्या भांड्यांच्या आकड्यांची यादी परदेशी पाहुण्यांपुढं जाणार. त्याआधी आबांच्या नावापुढं ‘निरीक्षक विश्वासार्ह नाही’ हा शेरा मला माझ्या हातानं लिहायचाय.

त्यांना विचारायची हिंमत होत नाही. सोमवारी ते खरंच येतात का, तेवढं कळव. जे असेल ते.

तुझा ज्योतिबा

*

ढोलेवस्ती
१८ जून १९७९

चि. ज्योतिबास आशीर्वाद.

तुझं पत्र सुलाबाईनं वाचलं. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. उत्तर लिहायला मी धुळालाच बसवलाय. तुला बापाला इचारायचं धाडस न्हाई, मग त्याच्याच हातनं घे.

धुळा येतो. एक सोमवार चुकला न्हाई. खोटं त्याच्या वहीत न्हाई, भांड्यात हाय. ते मी घातलंय.

हितं तुझ्या बापाचा हात थांबला. मी म्हटलं, लिही.

माझ्या माहेरात कोरड्या सालात रविवारी बिरोबाला पाणी घालायची रीत. देवाला घालून झालं की एक फुलपात्र मी तुमच्या भांड्यात बी ओतायची. तूच म्हणालास ना, वरचं खालच्याशी ताडत्यात? मला वाटलं, भांडं कोरडं दिसलं तर आमच्या नावावर कोरडंच लिहितील. हा पलूसला गेला की मी निघायची. ह्याला कळू दिलं न्हाई.

आत्ता ह्याला इचारलं, भुई कोरडी दिसत हुती, मग पाऊस कसा लिहिलास? तर म्हणतो, नियम हाय, भांड्यात असंल तेच लिहायचं, मनाचं न्हाई. असला बाप हाय तुझा. आन् तू त्याला तपासायला म्हातारी धरलीस!

माझ्या तोंडच्या बोलावर तुझा साहेब कशाला इस्वास ठेवील? म्हणून ते फुलपात्र आप्पासो कंडक्टरच्या हाती धाडती. काठोकाठ भरा आन् तुमच्या मापानं मोजा. काल घातलं न्हाई. आजच्या तारेत शून्य हाय, बघ. पण शनिवारच्या आत कर, बाबा.

तुझा बाप माझ्यावर रागावलाय, पर एक अक्षर गाळत न्हाई.

निशाणी डावा अंगठा, बनाबाई

*

पुणे
२२ जून १९७९

ती. आजीस सा. न. हे पत्र आबांनीच मोठ्यानं वाचावं.

फुलपात्र काल पोचलं. साहेबांनी स्वतः काठोकाठ भरलं आणि मोजायच्या नळीत ओतलं. आम्ही पाच जण टेबलावर वाकलो होतो. पाणी बाराच्या रेघेवर येऊन थांबलं. ज्या आकड्यानं आबांना अडकवलं, त्यानंच सोडवलं.

ते चार रविवार यादीतून खोडले. शेरा मीच लिहिला: ‘निरीक्षकाने भांड्यात होते तेच लिहिले. विश्वासार्ह.’ भांड्याच्या कुंपणाला कुलूप लावायचा हुकूम झालाय. किल्ली आबांकडंच.

आबा, मी आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलो.

आजी, तू मात्र फुलपात्र मागू नकोस. आपल्या माळावर पाऊस लागेपर्यंत ते माझ्या टेबलावरच राहणार. रागावलीस तरी माया आटवू नकोस.

तुझा ज्योतिबा