परातीतल्या शेणाच्या वाट्या

आई, यंदाही पोळा झाल्यावर वांग्याच्या रोपांसाठी शेणाच्या वाट्या थापल्या. जुनं कुजलेलं शेण, मूठभर काळी माती, थोडं भुशासारखं बारीक कुटार. पालथ्या ग्लासाला ओलं फडकं गुंडाळून त्यावर थापायचं, अलगद सोडवायचं आणि सावलीत वाळवायचं. सगळं तुझ्यासारखंच. आता आंजीचं अंगण नाही, सिंदी मेघेतली गच्ची आहे, एवढाच फरक.

सावलीत वाळवायचं, हे तू सेवाग्रामच्या दवाखान्यात होतीस त्या वर्षी कळलं. तुझ्या पोटात गाठ निघाली होती आणि रोपांचं काम माझ्यावर सोडून तू गेली होतीस. माझी शाळा नुकतीच संपली होती. गोवऱ्या थापणाऱ्या घरातली मुलगी, दुसरं काय सुचणार? मी वाट्या कडक उन्हात खडखडीत वाळवल्या. माती भरून टाकलेलं बी उगवलं, पानं फुटली, पण वाट्यांच्या भिंती विटेसारख्या. मुळांचे पांढरे धागे भिंतीतून बाहेर आले की वाटीसकट रोप मातीत लावायचं, असं तू सांगितलं होतंस. धागे काही येईनात. रोज सकाळी मी एकेक वाटी उचलून बघते आहे, आणि संध्याकाळी बाबा बसमधून उतरून सांगताहेत, "ऑपरेशन पुढं गेलं." ते ऐकलं की मी पुन्हा वाट्यांकडे पळते. धागा दिसला तर आई घरी येईल, असं मनानं कधी धरलं कोण जाणे. हे मी कुणाला बोलले नाही. लोक हसले असते.

तुला भेटायला आले तेव्हा "तुले दुखते का" विचारायचं होतं. तोंडातून भलतंच निघालं. "आई, मुळं बाहेर येऊन नाई राह्यले."

"उन्हात वाळवले का व?"

मी मान हलवली. तू पोट धरून हसलीस. "गोवऱ्याच केल्या म्हन तू! परातीत पानी घे, त्यात ठेव, भिजू दे. अन् फोडून पाहू नोको. मूळ तुटते. जरा धीर धरत जाय."

धागे आले. तूही आलीस. आल्या आल्या वाफ्यापाशी गेलीस आणि म्हणालीस, "वाट्यांचे काठ मातीच्या वर काऊन ठेवले? वाऱ्यानं ओल उडून जाते ना." ताजे टाके घेऊन तू उकिडवी बसून अंगठ्यानं काठ मातीत दाबू लागलीस, आणि मी तुझ्यावर ओरडले. आपल्या घरात तुझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं. तू शेवटचा काठ पुरूनच उठलीस.

काही वर्षांनी तू पुन्हा दवाखान्यात गेलीस तेव्हा वैशाख होता. रोपं नव्हती, उचलून बघायला काहीच नव्हतं. मी नुसती डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत बसले. त्या खेपेला तू आली नाहीस. वांग्यांचा त्याच्याशी संबंध नाही हे मला कळतं, चांगली शिकलेली बाई आहे मी. तरी त्या वैशाखाची भीती अजून अंगातून गेलेली नाही.

आई, आता बाबा त्याच दवाखान्यात आहेत. उद्या त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन. आज दुपारी डबा घेऊन गेले तर त्यांनी जेवणाकडे बघितलंही नाही. माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "मुळं दिसले का व?"

मला वाटत होतं, धाग्यांचं ते वेड माझं एकटीचं होतं. त्या वर्षी बसमधून उतरल्यावर तेही आधी वाट्यांकडेच बघत होते, हे इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "दिसतीन, बाबा."

घरी येऊन परातीत पाणी घातलं, वाट्या फिरवून फिरवून पाहिल्या. एकीलाही धागा नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून घडी घालून परातीखालीच ठेवते आहे. रागावू नकोस, मघाशी मी एक वाटी फोडली. मुळं होती, आतून भिंतीला येऊन टेकलेली. एक तुटलं. ते रोप मी तसंच मातीत लावलंय, काठ नीट पुरून.