विक्रमसाठी एक दोष

१४ जुलै २००३

आबेदा मॅडमनी कादंबरी परत पाठवली! मुलांची पुस्तकं छापण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे वाद घालायची सोय नाही. फोनवर म्हणाल्या, "नम्रता, युद्ध छान जमलंय हो. पण हा विक्रम माणूस आहे की पुतळा? चिडत नाही, चुकत नाही, घाबरत नाही. मुलं दहाव्या पानावर झोपतील. ऑगस्टअखेर सुधारून द्या, नाहीतर राहू द्या."

राहू द्या म्हणे! दोन वर्षं हिंजवडीच्या बसमध्ये हिंदकळत लिहिलंय मी. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचा पगार घेते, आणि स्वतःच्या नायकात एक सापडेना.

पण विक्रम म्हणजे आमचे बाबा. एकाहत्तरच्या लढाईत, तोफांच्या माऱ्यातून, वाळवंटातल्या पुढच्या ठाण्यावर पाण्याचा ट्रक नेणारे. त्यांच्यात बग कुठून काढू?

१७ जुलै

विक्रमला नखं खायची सवय लावली. बाबांनी वाचलं. "फौजेत नखं वाढू देत नाहीत." खोडलं.

२० जुलै

रविवार. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरांना एक प्रकरण वाचून दाखवलं. विक्रमला जरा विसराळू केलाय. साई म्हणाला, "ताई, हा फेक आहे." वर जिनतनं विचारलं, "दिवसभर ट्रक चालवतो, याला शू लागत नाही का?"

आमच्या कंपनीत एवढे कडक टेस्टर नाहीत.

२३ जुलै

शेवटी बाबांनाच म्हटलं, तुमचा एखादा दोष सांगा. त्यांनी बराच विचार केला. "मी जरा जास्तच वक्तशीर आहे."

आई भाजी निवडत होती. मान वर न करता सुरू झाली — घोरतात. रस्ता चुकला तरी कुणाला विचारत नाहीत. स्वतः चहा गार करतात आणि गार झाला म्हणून ओरडतात. मी काही सांगायला लागले की शेवट आधीच सांगून टाकतात... पान भरलं माझं! बाबा पेपरमागे. फक्त आवाज आला — "झालं?"

३ ऑगस्ट

विक्रम आता घोरतो, चहावरून ओरडतो. पोरं खूप हसली. मला वाटलं जिंकले. तेवढ्यात साई — "पण तो घाबरतो कधी?" म्हटलं, नाही घाबरत. "मग नाही खरा."

बाबा मागे खुर्चीवर बसून ऐकत होते. उठून वर निघून गेले. लागलं असणार त्यांना. कशाला ते दोष जाहीर वाचले मी!

९ ऑगस्ट

बाबांना विचारलं, विक्रमला थोडं घाबरवू का? "पुस्तक तुझं आहे." संपलं! भीतीचा एक परिच्छेद लिहिला, फाडला. त्यातली भीती क्लायंट कॉलच्या आधी मला वाटते तेवढीच.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. दरवर्षी जिलबीच्या आधी बाबा पाण्याच्या ट्रकची गोष्ट सांगतात. मला पाठ आहे. यंदा उभे राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी ट्रक मागे वळवला होता."

पोरं पुढे सरकली.

"पुढची माणसं तहानेनं तळमळतायत हे माहीत होतं. तरी पळालो. धुरळ्यात दिशा कळेना, कुणाला विचारणार? सुसाट पळत पोचलो तो नेमका त्याच ठाण्यावर! त्यांनी मला खांद्यावर घेतलं. मी काय बोलणार? पाणी वाटलं."

आमचे सेक्रेटरी पोपटराव खाकरले. "जिलबी घ्या सगळ्यांनी."

जिनतनं हात वर केला. "आजोबा, तेव्हा शू झाली होती?"

"झाली होती."

पोरांनी टाळ्या वाजवल्या! मोठ्यांनी नंतर, एकमेकांकडे बघत. मी रडले. आणि रागही आला — लहानपणापासून मला खोटं सांगितलं! पण मग वाटलं, आज सगळ्यांसमोर असं उभं राहायला मला जमलं नसतं.

१६ ऑगस्ट

आईला म्हटलं, "एवढे दोष सांगितलेस, हा तुलाही माहीत नव्हता ना?"

"मला बघायला आले तेव्हाच सांगितलं त्यांनी. पोह्यांची बशी हातात घ्यायच्या आधी. म्हणून तर हो म्हटलं मी."